सल्ला हवा: काळ्या ग्लेझवर (भाजल्यावर भांड्यावर होणाऱ्या काचेसारख्या थरावर) तेलाच्या थेंबांसारखे रुपेरी ठिपके घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत कसे आणायचे?

चाकावरची_माती
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. चार वर्षं चाकावर काम करते. दीड वर्षापूर्वी एक जुनी इलेक्ट्रिक भट्टी घेतली. आतून सव्वा फूट, सिंगल फेज. विकणाऱ्याने १२६० अंशांपर्यंत जाते असं सांगितलं होतं, मी १२२० च्या पुढे कधी नेली नाही.

गेल्या वर्षी पुण्यात एका प्रदर्शनात एक वाटी हातात घ्यायला मिळाली. काळीभोर, आणि आतून-बाहेरून रुपेरी ठिपके. मिसळीच्या कटावर तेलाचे थेंब लहानमोठे, एकमेकांत न मिसळता तरंगतात ना, अगदी तसे. याला जपानीत युतेकी तेनमोकु म्हणतात असं तिथे कळलं. युतेकी म्हणजे तेलाचा थेंबच, आणि तेनमोकु म्हणजे असं काळं लोखंडी ग्लेझ. तेव्हापासून ती वाटी डोक्यातून जात नाही.

साध्या पारदर्शक ग्लेझमध्ये ८ टक्के रेड आयर्न ऑक्साइड घालून १२२० ला भाजून पाहिलं. सरसकट चॉकलेटी रंग आला, ठिपका एकही नाही. फोटो टाकला आहे. हे ठिपके येतात कशाने? माझ्या भट्टीत येऊ शकतील का? ग्लेझ तयार आणावं की घरी कालवावं?

बजेट सगळं धरून ६,००० रुपये. बाबांसाठी सहा कप करायचे आहेत, दिवाळीच्या आत.

घट_आणि_पट
ताई, सरळ तयार ग्लेझ घ्या. मी बाहेरून मागवलेल्या बाटल्या वापरते, ब्रशने तीन हात मारायचे की काम झालं. अर्ध्या लिटरची बाटली मला साडेचार हजारांना पडली, सहा कपांना दोन लागतील. एकदाच खर्च होतो, पण डोक्याला ताप नाही. माझे कप बघून लोकांना खरंच जपानहून आणल्यासारखे वाटतात.

चाकावरची_माती
दोन बाटल्या म्हणजे नऊ हजार झाले की हो. बजेट सहा आहे.

रिटायर्ड_फाउंड्री
मी कोल्हापुरात फाउंड्रीत ३१ वर्षं होतो. आता मुलीच्या नादाने मातीत हात घातला आहे. लोखंड मात्र मला चांगलं कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा रेड ऑक्साइड म्हणजे गंजच. त्यात लोखंडाच्या दोन अणूंना ऑक्सिजनचे तीन. साधारण १२३० अंशांच्या आसपास त्याला एवढा ऑक्सिजन धरून ठेवता येत नाही, त्यातला काही तो सोडतो. तोवर ग्लेझ वितळून काकवीसारखं झालेलं असतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस घट्ट व्हायला लागला की मोठे, जड बुडबुडे सावकाश वर येतात आणि फुटल्यावर थोडा वेळ गोल ठसा ठेवतात, हे पाहिलंय ना? इथेही तेच. ऑक्सिजनचा बुडबुडा वर येताना लोखंडाने भरलेला रस सोबत ओढून आणतो. पृष्ठभागावर फुटला की त्या जागी लोखंड जास्त असलेला गोल डाग उरतो. भट्टी निवताना त्या डागात लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक स्फटिक धरतात. तो तुमचा रुपेरी थेंब.

तुम्ही १२२० ला थांबलात, म्हणजे दूध वर यायच्या आधीच गॅस बंद केलात. नुसत्या या एका कारणानेही ठिपके येणार नाहीत.

दुसरी गोष्ट जाडीची. फोटोत तुमचा थर पातळ दिसतो. बुडबुड्याला वर आणायला खाली माल हवा. वाळलेला थर दीड-दोन मिलिमीटर धरा.

तिसरी गोष्ट ग्लेझच्या घट्टपणाची. फार वाहतं असेल तर थेंब टिकत नाही, ओघळतो आणि त्याच्या रेघा होतात. सशाच्या केसांसारख्या रेघा असलेल्या वाट्या असतात त्या अशाच होतात. त्याही सुंदर, पण तुम्हाला थेंब हवेत.

भट्टीवाला_दादा
इलेक्ट्रिक भट्टीत कुठलाही जपानी परिणाम येत नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्वाला हवी, धूर हवा, रिडक्शन हवं, म्हणजे आत ऑक्सिजन कमी पडायला हवा. मी स्वतः विटा रचून गॅसची भट्टी बांधली आहे, साडेतीन लाख खर्च आला, पण आज मागे वळून बघताना एक रुपया वाया गेला असं वाटत नाही. माझा सेलाडॉन, म्हणजे हिरवट ग्लेझ, बघाल तर पाण्यात हात घातल्यासारखं वाटेल. पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीमुळे आपल्याकडच्या लोकांना ज्वालेची किंमत कळली. १९७१ पासूनचं काम आहे ते, आणि ती सुरू करणाऱ्यांपैकी डेबोरा स्मिथ तर स्वतः जपानात बिझेनला शिकून आलेल्या. भट्टी बदला, ग्लेझ आपोआप येईल.

रिटायर्ड_फाउंड्री
दादा, सेलाडॉनसाठी आणि तांब्याच्या लाल रंगासाठी तुमचं शंभर टक्के खरं. तिथे धूर हवाच. युतेकीसाठी मात्र उलट आहे. रिडक्शन केलं की लोखंड आपला ऑक्सिजन आधीच, ग्लेझ वितळायच्याही आधी देऊन टाकतं. मग वितळलेल्या ग्लेझमध्ये बुडबुडे यायला काही शिल्लकच राहत नाही, आणि साधा काळा-तपकिरी तेनमोकु मिळतो. ताईंची इलेक्ट्रिक भट्टी या कामाला उलट सोयीची आहे.

भट्टीवाला_दादा
पण मूळ वाट्या लाकडाच्या भट्टीतच भाजलेल्या होत्या ना? तिथे वीज नव्हती.

रिटायर्ड_फाउंड्री
होत्या. लाकडाच्या भट्टीतही हवा भरपूर सोडली की ऑक्सिडेशन मिळतं. शिवाय त्या वाट्या मातीच्या डब्यांत झाकून ठेवत, आणि त्या लांबलचक भट्टीत जागेजागेची हवा वेगळी असे. म्हणून एकाच भट्टीतून काही ठिपक्यांच्या, काही केसांच्या, काही नुसत्या काळ्या निघत.

नागोयाकर
मी नऊ वर्षं नागोयात आहे. आयटीत आहे, कुंभार नाही, पण सुट्टीच्या दिवशी इथून तासाभराच्या आतल्या सेतो आणि ताजिमीला जाऊन भांडी बघणं हा माझा जीव की प्राण.

ताई, तुम्ही एकदा इथे याच. ओसाकाच्या ओरिएंटल सेरॅमिक्स म्युझियममध्ये जी युतेकी वाटी आहे ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली आहे. तिच्यासमोर मी पाऊण तास उभा होतो. आणि त्याच्याही पुढची म्हणजे योहेन तेनमोकु. काळ्यावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं-जांभळं वलय, बघणारा जरा हलला की वलयाचा रंग बदलतो. अशा अख्ख्या वाट्या जगात तीनच मानतात आणि तिन्ही जपानात आहेत. एक तोक्योच्या सेइकादोकडे, एक ओसाकाच्या फुजिता म्युझियममध्ये, एक क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या र्योकोइन या उपमंदिरात. सेइकादोची वाटी शोगुन तोकुगावा इएमित्सुकडून त्याच्या दाईला, कासुगा नो त्सुबोनेला मिळाली असं सांगतात.

ते निळं वलय म्हणजे रंगच नाही. ग्लेझवर अतिशय पातळ पापुद्रा धरलेला असतो आणि त्यावर प्रकाश खेळतो, जसा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर खेळतो तसा. ते मुद्दाम कसं आणायचं यावर इथे लोकांनी आयुष्यं घालवली. सेतोच्या नागाए घराण्यात वडिलांनी हा ध्यास घेतला आणि मुलाने तो पुढे नेला. त्यांचा विचार असा की भट्टी निवताना आत फ्लोराइटचे खडे टाकायचे आणि निघणाऱ्या वायूने पृष्ठभाग बदलायचा.

चाकावरची_माती
बापरे. वाचूनच अंगावर काटा आला. ते खडे मला मिळतील का?

रिटायर्ड_फाउंड्री
ताई, कृपा करून हे करू नका. फ्लोरस्पार, म्हणजे हाच फ्लोराइट, आम्ही फाउंड्रीत वितळलेल्या धातूवरची मळी पातळ करायला वापरायचो, त्यामुळे मला त्याचा अनुभव आहे. त्यातून निघणारा वायू काच खातो. फुप्फुसांचं काय होईल ते तुम्हीच समजा. घराच्या गच्चीवरच्या भट्टीत तर मुळीच नाही.

इतिहासप्रेमी_सांगली
माफ करा, पण धाग्यात सगळेच "जपानी" म्हणताहेत म्हणून लिहितो. या वाट्या चिनी आहेत. फूजियान प्रांतात जियान भट्ट्या होत्या, तिथे सुंग घराण्याच्या काळात झाल्या. जपानी भिक्षू झेज्यांगमधल्या तिएनमू डोंगरावरच्या मठांत शिकायला जात, तिथून परत येताना त्या घेऊन येत. त्या डोंगराच्या नावाचा जपानी उच्चार तेनमोकु. योहेन वाट्याही मूळ तिथल्याच. २००९ साली हांगझोमध्ये एका बांधकामाच्या जागी फुटकी योहेन वाटी सापडलीसुद्धा.

नागोयाकर
वाट्या चिनी, हे मान्यच. पण आठशे वर्षं जपून कुणी ठेवल्या? नाव कुणी दिलं? सेतोच्या कुंभारांनी त्या समोर ठेवून शतकानुशतकं नक्कल केली, मग स्वतःचं काहीतरी काढलं. इशिगुरो मुनेमारो यांना १९५५ मध्ये लोखंडी ग्लेझसाठीच जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान मिळाला. त्यांनी ग्लेझवर खरं पान भाजून उमटवण्याची जुनी चिनी रीतही पुन्हा शोधून काढली. ही जपानी नाही तर काय?

इतिहासप्रेमी_सांगली
बटाटा आपला झाला म्हणून तो मूळचा आपला होत नाही. एवढंच म्हणायचं होतं.

पिंपळपान_७
पानाचा विषय निघालाच आहे तर सांगते, मी पिंपळाचं पान काळ्या ग्लेझवर ठेवून भाजलं होतं. आधी पान पाण्यात कुजवून जाळी केली आणि तीच ठेवली. काहीच उमटलं नाही, कारण राख राहायला पानात मांसच नव्हतं. मग अख्खं वाळलेलं पान चिखलाच्या पातळ पाण्यात बुडवून ठेवलं तर मधली शीर आणि दोन बाजूच्या शिरा पिवळट उमटल्या. ती वाटी मी कुणालाही देणार नाही.

राकू_राणी
ताई, एवढं डोकं लावण्यापेक्षा राकूची कार्यशाळा करा. मी लोणावळ्याला केली, दोन दिवस, खाणं-राहणं धरून बारा हजार. लाल भडक तापलेलं भांडं चिमट्याने काढून लाकडाच्या भुशात टाकायचं आणि वर झाकण! तांब्याचे असे रंग येतात की मोरपिसं फिकी पडावीत. आणि हे अस्सल जपानी.

नागोयाकर
राणीताई, भुशात टाकून धूर कोंडण्याची रीत अमेरिकेतली, १९६० च्या दशकात पॉल सोल्डनर यांनी रूढ केली. क्योतोचं राकू सोळाव्या शतकातलं, चहाचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरो हा कुंभार करायचा ते. तिथे काळी वाटी तापलेली असतानाच चिमट्याने बाहेर काढतात, आणि ती झटकन थंड होते म्हणून काळी राहते. भुसा नाही, मोरपिसं नाहीत.

राकू_राणी
शिकवणाऱ्यांनी आम्हाला जपानी असंच सांगितलं होतं. तुम्ही तिथे राहता म्हणून तेवढंच खरं असं थोडीच आहे. मला मिळालेला आनंद अस्सल होता.

नवशिका_नाशिक
राकूच्या कपात चहा पिऊ नका मात्र. मी पित होतो, पाझरून टेबलावर गोल डाग पडला आणि बायकोने कप कुंडीत ठेवला. त्या मोरपिशी रंगाच्या भांड्यांत खायचं-प्यायचं नसतं हे मला नंतर कळलं.

घट_आणि_पट
म्हणूनच म्हणते, तयार ग्लेझ घ्या. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की जेवणाच्या भांड्यांना चालेल की नाही.

कर्जतची_सून
चाकावरची_माती, तुमचं वाचून राहवलं नाही. युतेकी मी केलं नाही, पण एक अगदी स्वस्त जपानी ग्लेझ मी पाच वर्षं करते आहे, नुका. नुका म्हणजे भाताचं तूस-कोंडा. कारात्सु, हागी या गावांची जुनी पांढरी भांडी, आणि माशिकोच्या हामादा शोजींचं पांढरं ग्लेझ, हे सगळं तुसाच्या नाहीतर पेंढ्याच्या राखेचं. दुधात निळीचा थेंब पडल्यासारखा रंग येतो.

आमच्याकडे गिरणीमागे तुसाचे डोंगर असतात, पोतंभर नेलं तरी कुणी पैसे घेत नाही. ढीग करून खालून सावकाश धुमसू द्यायचा. दुसऱ्या दिवशी राख उचलली तर प्रत्येक तुसाचा आकार तस्साच असतो, होडीसारखा, फक्त करडा. ती राख म्हणजे जवळजवळ सगळी सिलिका. आमच्या आजेसासूबाई याच राखेची राखुंडी दाताला लावायच्या आणि हिनेच पितळ घासायच्या. घासली का जायची हे मला ग्लेझ करायला लागल्यावर कळलं.

माझं माप अगदी ढोबळ. तुसाची राख, फेल्डस्पार (ग्लेझ वितळायला मदत करणारी दगडाची पूड) आणि लाकडाची धुतलेली राख, तिन्ही सारख्या वजनाची. १२५० च्या वर भाजायचं. राख बारीक व्हायला हवी, नाहीतर ग्लेझ वाळूसारखं खरखरीत राहतं. मी आधी मिक्सरमध्ये फिरवली, भांड्याची पाती दोन महिन्यांत बोथट झाली. आता पाट्यावर पाणी घालून वाटते. वरवंट्याखाली सुरुवातीला कर्र कर्र आवाज येतो, तो थांबला की झालं समजते. कोरडी कधीच वाटायची नाही. ती धूळ छातीत बसते आणि निघत नाही. नाकाला मास्क, तोही चांगला.

आणि हे मुद्दाम सांगते, नुका काळ्या लोखंडी ग्लेझवर अर्धवट चढवलं तर जिथे दोन्ही मिळतात तिथे निळसर पांढरे ओघळ उतरतात. कारात्सुमध्ये ही जुनीच रीत आहे, त्याला चोसेन कारात्सु म्हणतात. तुमच्या ६,००० पैकी ५,५०० परत जातील.

मुग्धा_माती
+१ नुका. आणि आपल्या निर्मला पटवर्धन यांची आठवण काढल्याशिवाय ग्लेझचा धागा पूर्ण होऊ नये. इंग्लंडमधले कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे काम करून आल्या आणि इथे मिळणाऱ्या कच्च्या मालावर ग्लेझच्या कृती तपासत राहिल्या. वजन लिहून ठेवायची शिस्त मी त्यांच्यामुळे शिकले. ताई, ग्लेझ तपासायच्या प्रत्येक टाइलच्या पाठीवर ऑक्साइडने नंबर घाला. मी घातले नाहीत आणि माझं आजवरचं सगळ्यात सुंदर ग्लेझ मला परत कधीच करता आलं नाही. ती टाइल अजून देवघरात आहे.

नवशिका_नाशिक
शिनो करून बघा ना. नुसता फेल्डस्पार जाड चढवायचा असतो म्हणे. त्याहून स्वस्त काय?

नागोयाकर
शिनोची गोष्ट मला सांगू द्याच. सोळाव्या शतकाच्या अखेरीची ही पांढरी, जाड ग्लेझची भांडी, युझू लिंबाच्या सालीसारखी बारीक भोकं असलेली. सगळे समजत होते की ही सेतोची. १९३० मध्ये आराकावा तोयोझो यांनी नागोयात एक जुनी शिनो वाटी हातात घेऊन उलटी केली. तिच्यावर बांबूच्या कोंबाचं चित्र होतं आणि तळाच्या कडीला मातीचा एक लालसर कण चिकटला होता. एवढासा कण. सेतोची माती अशी नसते, हे त्यांच्या मनात आलं. ते मिनोच्या डोंगरात ओगाया इथे गेले, पडक्या भट्टीत उकरलं, आणि तसंच बांबूच्या कोंबाचं चित्र असलेला तुकडा हातात आला. मग तिथेच राहिले, जुन्या पद्धतीची भट्टी बांधली आणि आयुष्यभर शिनो कसं भाजत असतील हे शोधत राहिले. १९५५ मध्ये तेही जिवंत राष्ट्रीय ठेवा झाले.

पण नवशिका, इलेक्ट्रिक भट्टीत शिनो केलं तर पांढरं येईल, कडांना उमटणारा तो निखाऱ्यासारखा रंग येणं कठीण. त्याला सावकाश, धुराची, दिवसेंदिवसांची भट्टी लागते.

भट्टीवाला_दादा
बघा! मी हेच पहिल्यापासून सांगतोय.

खंबाटकीची_खडी
मी वाचकच आहे, क्वचित लिहितो. आमच्या भावाचा खडीचा क्रशर आहे. क्रशरखाली जी बारीक डस्ट पडते ती आपल्या काळ्या दगडाची, बेसाल्टची. मी कॉलेजात असताना ती चाळून पाण्यात कालवून कपाला लावली होती आणि एका ओळखीच्या भट्टीत १२५० ला भाजली. दुसरं काहीही न घालता काळी चकचकीत काच झाली. पण वाहून खालच्या शेल्फला चिकटली, शेल्फ फोडून कप काढावा लागला, आणि भट्टीवाल्याने परत दारात उभं केलं नाही. त्यामुळे सल्ला देत नाही, नादाला लागू नका. फक्त आठवलं म्हणून लिहिलं.

चाकावरची_माती
एक मिनिट. नुसती डस्ट? काहीच न घालता काळी?

खंबाटकीची_खडी
हो. पण सांगितलं ना, चिकटते.

रिटायर्ड_फाउंड्री
ताईंचं डोकं कुठे चाललंय ते दिसलं. कल्पना वेडी नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास, लोखंडाचे ऑक्साइड दहाव्या हिश्श्याहून जास्त, शिवाय चुना आणि मॅग्नेशिया, म्हणून आपोआप वितळतो. पण अडचण दोन ठिकाणी आहे. एक, तो वाहतो. फेल्डस्पार, थोडं क्वार्ट्झ आणि चायना क्ले घालून घट्ट करावा लागेल. दुसरी जास्त महत्त्वाची. दगडातलं बरंचसं लोखंड आधीच कमी ऑक्सिजनवालं आहे, त्याच्याकडे सोडायला ऑक्सिजन नाही. भुकटी अगदी बारीक असेल आणि ९०० ते १००० च्या टप्प्यात भट्टी सावकाश नेऊन हवा खेळती ठेवली, तर ते वितळायच्या आधी पुन्हा गंजून घेईल. तरी वरून ३ टक्के रेड ऑक्साइड घाला.

खरं सांगू? शुद्ध फेल्डस्पार, क्वार्ट्झ, व्हाइटिंग (खडूची भुकटी), चायना क्ले आणि ८ टक्के ऑक्साइड आणा. खुर्जाचा माल पुण्यात मिळतो. त्यात फक्त तापमान आणि जाडी बघावी लागेल. डस्टमध्ये प्रत्येक खाणीचा दगड वेगळा, आज आलं ते पुढच्या वर्षी येईलच असं नाही.

मातीकाम_मिरज
मँगनीज ५ टक्के घाला, लगेच धातूसारखी चमक येते.

रिटायर्ड_फाउंड्री
घालू नका. चमक येते, पण भाजताना त्याचा धूर मेंदूला अपाय करतो, आणि कप चहाचे आहेत.

मुग्धा_माती
भट्टीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझं थर्मोकपल २५ अंश कमी दाखवत होतं, ते मला सव्वा वर्षाने कळलं. ७, ८ आणि ९ नंबरचे कोन (ठराविक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके) भट्टीच्या भोकासमोर ठेवा आणि कोन वाकताना बघून भट्टी बंद करा. भोकातून बघताना वेल्डिंगचा चष्मा लावा. प्रत्येक टाइलखाली कच्च्या मातीची वाटीसारखी चकती ठेवा, म्हणजे वाहिलं तरी शेल्फ वाचेल.

घट_आणि_पट
एवढ्या खटपटीत दोन बाटल्या आल्या असत्या.

चाकावरची_माती
(अठरा दिवसांनी)

सगळ्यांचं सगळं वाचलं, काही तर वहीत उतरवून घेतलं. आता काय झालं ते सांगते.

आमच्या घरामागच्या टेकडीच्या पलीकडे क्रशर आहे. तिथून दोन किलो डस्ट आणली, पैसे घेतले नाहीत. आधी पिठाच्या चाळणीने चाळली, मग पाण्यात ढवळून जुन्या सुती ओढणीतून गाळली, खाली बसलेला गाळ वाळवला. कर्जतची_सून, तुमचा पाटा आठवला म्हणून आईच्या पाट्यावर तो गाळ तासभर वाटलाही. खरंच, कर्र कर्र थांबतं.

नऊ टाइल केल्या, पाठीवर नंबर घातले. १००० पर्यंत सावकाश, झाकणाला फट ठेवून. आकडा १२४५ दाखवत होता, आठ नंबरचा कोन पूर्ण झोपला होता आणि नऊचा नुकताच मान वाकवत होता, तेव्हा अर्धा तास तिथेच धरून बंद केली.

टाइल १, नुसती डस्ट: आरशासारखी काळी, आणि दोन सेंटिमीटर खाली वाहून चकतीत साचलेली. खंबाटकीची_खडी, तुमचं खरं होतं. चकती नसती तर माझंही शेल्फ गेलं असतं.

टाइल ४, डस्ट ७०, फेल्डस्पार २०, क्वार्ट्झ ५, चायना क्ले ५ आणि वरून ३ रेड ऑक्साइड: वरच्या निम्म्या भागात एकदा बुडवली होती, खाली दोनदा. वर काहीच नाही. खालच्या जाड भागात अकरा ठिपके. मोजले. सगळ्यात मोठा मोहरीएवढा, बाकीचे खसखशीसारखे. नुसते बघितले तर करडे, खिडकीकडे वळवले की रुपेरी. एका ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक राहिलंय, बुडबुडा फुटला पण बुजला नाही.

टाइल ७, तीच डस्ट आणि वर नुका: फोटो बघा. निळे-पांढरे ओघळ काळ्यात उतरलेत.

कर्जतची_सून
अगं, सातवी! काय उतरलंय ते! डोळे झाकून कप सातचे कर.

मुग्धा_माती
सात. प्रश्नच नाही.

नागोयाकर
सात नंबर अगदी चोसेन कारात्सुच्या घराण्यातला वाटतो. बाबांना तोच द्या.

भट्टीवाला_दादा
सात चांगली आहे. माझ्या गॅसच्या भट्टीत आणखी चांगली आली असती, पण चांगली आहे. पाहिजे तर साताऱ्याहून कप घेऊन या, मी भाजून देतो.

रिटायर्ड_फाउंड्री
चार नंबरच्या ठिपक्यातलं भोक बुजवायला वर थोडा जास्त वेळ लागेल. पण फार धरलंत तर ठिपके ओघळतील. आणि डस्टऐवजी शुद्ध मालाने हेच माप बसवलं तर मला जास्त खात्री वाटेल. कपांपुरतं म्हणाल तर मीही सातला मत देतो. त्यात धोका कमी आहे.

चाकावरची_माती
सात फार सुंदर आहे, मलाही दिसतंय. कर्जतची_सून, ते ग्लेझ मी पुढे नक्की करणार, त्याच्या वाट्या करीन. पण कप चारचेच करते आहे, डस्टचेच. मी त्या वाटीसाठी निघाले होते आणि अकरा ठिपके आले आहेत. शिवाय बाबांनी सत्तावीस वर्षं त्याच टेकडीच्या घाटातून एसटी चालवली. दगड तिथला आहे म्हणून मला तो बदलायचा नाही.

काका, शुद्ध मालाची यादी जपून ठेवली आहे. या वेळी फक्त जाडी वाढवते आहे, तीनदा बुडवून, कपाच्या खालच्या दोन बोटं सोडून. नऊचा कोन अर्धा वाकेपर्यंत जाऊन चाळीस मिनिटं धरीन. आत्तापर्यंत खर्च २,१४० रुपये, त्यात कोन आणि मास्क धरून.

सात कप केलेत, एक जास्तीचा. भट्टी उद्या संध्याकाळी लावते. निवून १०० च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडणार नाही, म्हणजे परवा रात्र होईल. फोटो टाकते.

रिटायर्ड_फाउंड्री
जास्तीचा कप कोनाच्या शेजारी ठेवा. कोनाने भोगलं तेवढंच त्याने भोगलेलं असेल, बाकीच्या सहांचा अंदाज त्यावरून घेता येईल.

चाकावरची_माती
ठेवते काका.